संगणक स्वतः सुधारताना वॉरंटी कशी सांभाळावी

लॅपटॉपचे मागचे झाकण उघडले की वॉरंटी गेली, ही समजूत इतकी पक्की झाली आहे की, मुदत संपण्याची वाट पाहत आठ जीबी रॅमवर दोन-तीन वर्षे काढणारे लोक घरोघरी आढळतात. दुसऱ्या टोकाला, एखादी चित्रफीत पाहून ग्राफिक्स कार्डाचा कूलर खोलणारे आणि नंतर सेवा केंद्राशी वाद घालत बसणारेही आहेत. दोघांचेही नुकसान एकाच कारणाने होते, ते म्हणजे वॉरंटीचा कागद वाचलेला नसतो. तो कागद काय सांगतो, कोणता भाग स्वतः बदलावा आणि कोणत्या भागाला हात लावू नये, काम कसे करावे म्हणजे पुढे दाद मागता येईल, आणि सेवा केंद्राने नकार दिल्यास कोणता मार्ग धरावा, याची माहिती येथे दिली आहे. ती मुख्यतः भारतात विकत घेतलेल्या लॅपटॉप आणि डेस्कटॉप संगणकांना लागू पडते.

वॉरंटी नेमकी कशाची असते

साहित्यात किंवा बनावटीत मुळातच दोष निघाला, तर तो ठरावीक मुदतीत विनामूल्य दूर करून देण्याचे कंपनीचे लेखी आश्वासन म्हणजे वॉरंटी. त्यामुळे वॉरंटीचा बहुतेक प्रत्येक वाद शेवटी एकाच प्रश्नावर येतो: समोर आलेला बिघाड मुळातला आहे, की नंतर कोणाच्या हातून झालेला आहे? रॅमची एक पट्टी वाढवल्याने बिजागरी तुटत नाही, कीबोर्डची कळ निकामी होत नाही आणि पडद्यावर उभी रेघही येत नाही; म्हणून या तक्रारी रॅम वाढवल्यानंतरही वॉरंटीत बसल्या पाहिजेत. मात्र झाकण काढताना स्क्रू-ड्रायव्हर घसरून मदरबोर्डावरचा (सर्व भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरचा) एखादा बारीक घटक उडाला, किंवा पडद्याकडे जाणारी चपटी केबल ओढली जाऊन तुटली, तर तो दोष कारखान्यातून आलेला नसतो आणि तो फुकट दुरुस्त करून मागणे न्याय्यही नाही. मोठ्या कंपन्यांच्या अटी सर्वसाधारणपणे हाच भेद पाळतात. ग्राहकाने बसवलेल्या बाहेरच्या भागाची जबाबदारी कंपनी घेत नाही, तो बसवताना किंवा त्याच्यामुळे झालेले नुकसानही वॉरंटीत धरत नाही, पण उरलेले यंत्र वॉरंटीत राहते.

डेल, एचपी आणि लेनोवो या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवतात, आणि त्यांत झाकण कसे काढावे, कोणता स्क्रू कुठे आहे, रॅम आणि ड्राइव्ह (माहिती साठवणारा भाग; नव्या यंत्रांत बहुधा एसएसडी) कशी बदलावी, हे चित्रांसह दिलेले असते. लेनोवोच्या पुस्तिकेत तर ग्राहकाने स्वतः बदलण्याजोग्या भागांची वेगळी नोंद असते. कंपनी स्वतःच एखादा भाग ग्राहकाने बदलण्याजोगा म्हणत असेल, तर केवळ तो बदलला म्हणून वॉरंटी नाकारण्यास तिला जागा उरत नाही. सेवा केंद्रातल्या कर्मचाऱ्याशी बोलताना त्या पुस्तिकेचे पान हाताशी असले पाहिजे.

सर्वच कंपन्यांचे धोरण असे नसते. काहींच्या अटींत अंतर्गत भाग अधिकृत केंद्रातच बदलावेत असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि एकाच कंपनीच्या व्यावसायिक आणि घरगुती मॉडेलांच्या अटीही वेगळ्या असू शकतात. म्हणून मित्राच्या लॅपटॉपचा अनुभव आपल्या लॅपटॉपला लागू करू नये. अटी वाचताना दोन प्रकारच्या वाक्यांतला फरक काळजीपूर्वक पाहावा. 'अनधिकृत दुरुस्तीमुळे झालेले नुकसान वॉरंटीत येणार नाही' असे वाक्य असेल, तर उघडण्यास मनाई नाही, फक्त नुकसानीची जबाबदारी आपली आहे. 'अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडल्यास वॉरंटी रद्द होईल' असे असेल, तर कंपनी उघडण्यालाच कारण धरणार आहे, आणि अशा वेळी मुदत संपेपर्यंत थांबणे किंवा अधिकृत केंद्रातूनच रॅम बसवून घेणे शहाणपणाचे ठरते. मजुरीचे काही पैसे जास्त जातात, पण मदरबोर्ड बदलण्याच्या खर्चापुढे ते थोडेच असतात.

मजकूर संदिग्ध वाटल्यास कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करावा. मजकूर मोठा लागत नाही: 'या अनुक्रमांकाच्या लॅपटॉपमध्ये ग्राहकाने स्वतः रॅम किंवा एसएसडी बसवल्यास उर्वरित यंत्राची वॉरंटी कायम राहते का, हे कृपया लेखी कळवावे.' फोनवर मिळालेल्या होकाराचा पुढे काही उपयोग होत नाही, कारण तो देणारा माणूस पुन्हा सापडत नाही. चॅटवर उत्तर मिळाले तर त्याचे पडद्यावरचे चित्र तारखेसह जपून ठेवावे.

स्क्रूवरचे स्टिकर

'हे स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द' अशी पट्टी काही यंत्रांच्या स्क्रूवर चिकटवलेली असते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यामुळे, विशिष्ट कंपनीचाच भाग किंवा सेवा वापरण्याची सक्ती वॉरंटीला जोडता येत नाही, आणि त्याच आधारावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना अशा मजकुराबद्दल ताकीदपत्रे पाठवली. जुलै २०२४ मध्ये पुन्हा पत्रे गेली, तेव्हा एएसरॉक, झोटॅक आणि गिगाबाइट या संगणक क्षेत्रातल्या कंपन्यांना याच स्टिकरांबद्दल विचारणा झाली. तिकडच्या चित्रफिती पाहून आपल्याकडचे लोक स्टिकर बिनधास्त फाडतात, ही मात्र चूक आहे. भारतात असा स्वतंत्र वॉरंटी कायदा नाही. येथे भांडायचे झाल्यास ते ग्राहक संरक्षण कायद्यातल्या सर्वसाधारण तरतुदींवर भांडावे लागते, आणि त्यात वेळ जातो.

स्टिकर कोणाचे आहे, हेही पाहावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपच्या पेटीवर जे स्टिकर असते, ते बहुधा दुकानदाराचे असते. त्याने दिलेल्या जोडणीच्या आणि सेवेच्या हमीपुरताच त्याचा अर्थ आहे. आतल्या मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएसडी, पॉवर सप्लाय या प्रत्येकाची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाकडून किंवा त्याच्या वितरकाकडून येते, आणि पेटी उघडल्याने ती जात नाही; डेस्कटॉपची पेटी मुळात उघडण्यासाठीच असते. याउलट प्रत्यक्ष भागावर, म्हणजे रॅमच्या पट्टीवर किंवा ड्राइव्हवर, अनुक्रमांकाचे आणि वितरकाचे जे छोटे स्टिकर असते, ते कधीही काढू नये, कारण त्याच्याशिवाय तो भाग वॉरंटीसाठी स्वीकारलाच जात नाही.

उघडण्याआधी

सर्वप्रथम, उघडून काही उपयोग आहे का, हे पाहावे. पातळ लॅपटॉपांत रॅम अनेकदा मदरबोर्डावर पक्की बसवलेली असते, आणि ॲपलच्या एम१ या चिपपासून पुढच्या सर्व मॅकबुकांत ती चिपच्या संचातच असते. तिथे नंतर काहीही वाढवता येत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा आहेत आणि त्यांपैकी किती भरल्या आहेत, हे दिसते, तरी अंतिम खात्री पुस्तिकेतूनच करावी, कारण पक्क्या बसवलेल्या रॅमचीही तिथे खाच म्हणून नोंद दिसू शकते. यंत्र जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारते, ती डीडीआर४ आहे की डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या), ड्राइव्हची खाच एम.२ प्रकारची (पातळ पट्टीसारख्या ड्राइव्हसाठीची) असल्यास तिची लांबी किती आणि ती एनव्हीएमई आहे की साटा (ड्राइव्ह जोडण्याच्या दोन पद्धती), हे सर्व आधी नोंदवून घ्यावे. डीडीआर४ आणि डीडीआर५ पट्ट्यांतला काप वेगळ्या जागी असतो, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही. पण जोर लावून बसवण्याचा प्रयत्न झाला तर खाच तुटते, आणि ते नुकसान कुठल्याही कंपनीच्या वॉरंटीत येत नाही.

त्यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून वॉरंटीची तारीख तपासावी. ती अनेकदा कारखान्यातून माल निघाल्याच्या दिवसापासून मोजलेली असते आणि बिलावरच्या तारखेपेक्षा महिना-दोन महिने आधी संपते. बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते, पण हे काम यंत्र चालू असतानाच उरकावे.

नवा भाग घेताना पक्के बिल घ्यावे आणि त्यावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे 'बिलाशिवाय स्वस्त पडेल' या बोलण्याला भुलू नये. भाग परदेशी बनावटीचा असेल तर खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला आहे का, हे पाहावे. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार तो असावा लागतो. तो नसलेला माल बहुधा आडमार्गाने आलेला असतो आणि त्याची वॉरंटी भारतात कोणी मानत नाही. अमेरिकेतून किंवा आखातातून नातेवाइकांकरवी रॅम, एसएसडी मागवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे: स्वस्ताईचा हिशोब करताना वॉरंटी शून्य धरावी. लॅपटॉपच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय वॉरंटी मॉडेलानुसार असते किंवा नसते, आणि ती असली तरी तिकडच्या कायद्याने मिळणारे ग्राहकाचे हक्क यंत्राबरोबर इकडे येत नाहीत.

सर्व माहितीची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढावी. वॉरंटी यंत्राची असते, त्यातल्या माहितीची कधीच नसते. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने आपोआप कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारी, झालेली असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ड्राइव्ह किंवा मदरबोर्ड बदलल्यावर, बायोसमध्ये (यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत) फेरफार केल्यावर, चालू होताना अचानक ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी आणि काम होईपर्यंत बिटलॉकर तात्पुरते थांबवावे.

शेवटी छायाचित्रे काढावीत. यंत्राच्या चारही बाजू, मागचे झाकण, स्क्रूंची डोकी, आणि झाकण काढल्यावर आतले संपूर्ण दृश्य, हे तारखेसह मोबाइलमध्ये असावे. मदरबोर्डावर काही ठिकाणी पाणी लागल्यास रंग बदलणारी पांढरी टिकली असते, तिचेही जवळून छायाचित्र घ्यावे. यंत्रात पाणी गेल्याचा किंवा पार्ट जळल्याचा ठपका आपल्यावर आला, तर 'उघडले तेव्हा असे होते' हे सांगायला दुसरा साक्षीदार नसतो.

लॅपटॉपमध्ये रॅम बसवण्याचे काम

या एका कामाचा तपशील मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण वॉरंटी गमावण्याचे बहुतेक प्रसंग येथेच, घाईमुळे घडतात. लॅपटॉप पूर्ण बंद करावा. नुसते झाकण मिटून निद्रावस्थेत ठेवलेले यंत्र उघडू नये. चार्जर काढून चालू-बंद कळ काही सेकंद दाबून ठेवावी. टेबलावर स्वच्छ सुती कापड पसरावे, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे टाळावे. अंगावरची स्थिर वीज मेमरीच्या चिपा निकामी करू शकते, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तिचा धोका कोकणातल्या दमट हवेपेक्षा जास्त असतो. अँटिस्टॅटिक पट्टा असल्यास उत्तम. नसल्यास रंग न लावलेल्या आणि जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून मगच भागाला स्पर्श करावा, आणि मधून मधून ते पुन्हा करावे.

स्क्रू-ड्रायव्हर योग्य मापाचाच घ्यावा. ढिला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर स्क्रूचे डोके झिजवतो, आणि झिजलेले डोके ही सेवा केंद्रातल्या माणसाला सर्वांत आधी दिसणारी खूण असते. स्क्रू काढताना ते ज्या जागेवरून निघाले त्याच मांडणीत कागदावर ठेवावेत, कारण त्यांची लांबी अनेकदा वेगवेगळी असते आणि आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या कीबोर्डाच्या बाजूला उठाव आणतो. रबरी पायांखालीही स्क्रू असू शकतात. काही स्क्रू झाकणातून बाहेर पडत नाहीत, फक्त सैल होतात. ते ओढून काढू नयेत. झाकणाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्या सोडवायला प्लॅस्टिकची पातळ पट्टी वापरावी, सुरी किंवा धातूचा स्क्रू-ड्रायव्हर घालू नये, कारण त्याचा चरा झाकणाच्या कडेवर कायमचा राहतो.

झाकण निघाल्यावर पहिले काम म्हणजे बॅटरीची जोडणी मदरबोर्डावरून सोडवणे. वायर धरून ओढू नये, जोडणीचे प्लॅस्टिकचे तोंड पुस्तिकेत दाखवलेल्या दिशेने सरकवावे. लेनोवोच्या थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांत बायोसमधूनच अंतर्गत बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय असते, ती आधी वापरावी. मग रॅमच्या खाचेच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या एकाच वेळी बाहेर ढकलल्या की जुनी पट्टी आपोआप तिरपी वर येते. नवी पट्टी कडांनी धरून, सोनेरी बाजूला बोट न लावता, काप जुळवून तिरपी आत सरकवावी, आणि सोनेरी भाग खाचेत जवळजवळ दिसेनासा झाल्यावरच वरून दोन्ही कडांना सारखा दाब देऊन खाली बसवावी. दोन्ही चिमट्या वाजल्या पाहिजेत. एकच चिमटी वाजली, तर पट्टी अर्धवट बसली आहे.

पहिल्यांदा चालू करताना पडदा काही वेळ काळा राहू शकतो. विशेषतः डीडीआर५ मध्ये मदरबोर्ड नव्या मेमरीची जुळवणी करतो आणि त्याला कधी कधी काही मिनिटे लागतात. घाबरून लगेच कळ दाबून बंद करू नये. यंत्र नीट सुरू झाल्यावर बायोसमध्ये पूर्ण रॅम दिसते का ते पाहावे, आणि विंडोजमधलेच मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. सदोष पट्टी पहिल्याच आठवड्यात कळली, तर ती दुकानातून सहज बदलून मिळते.

जुनी पट्टी विकू नये, कोणाला देऊ नये. वॉरंटी संपेपर्यंत ती मूळ ड्राइव्हसह अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवावी.

ज्या भागांत वॉरंटी पटकन जाते

एसएसडीची वॉरंटी वर्षांत आणि लिहिलेल्या माहितीच्या प्रमाणात, अशी दुहेरी असते, आणि जे आधी संपेल ते लागू होते. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या ९९० प्रो या एक टीबी ड्राइव्हला पाच वर्षे किंवा ६०० टीबी लेखन, तर क्रुशलच्या पी३ या तेवढ्याच क्षमतेच्या ड्राइव्हला पाच वर्षे किंवा २२० टीबी लेखन अशी मर्यादा आहे. आतापर्यंत किती लिहिले गेले, हे ड्राइव्ह स्वतःच नोंदवत असते, त्यामुळे त्याबाबत वाद होत नाही. वाद होतो तो लेबलावरून. उष्णता लवकर बाहेर पडावी म्हणून काही जण एम.२ ड्राइव्हवरचे लेबल सोलून त्यावर धातूचा हीटसिंक बसवतात. अनुक्रमांक त्याच लेबलावर असतो आणि ते काढले की ड्राइव्हची वॉरंटी संपते. थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारा मऊ तुकडा) लेबलाच्या वरूनच लावावा. एकदा चिकटवलेला पॅड ओढून काढताना लेबल फाटू शकते, म्हणून हीटसिंक मदरबोर्डाबरोबर आलेला असेल तर त्याची जागा आधीच निश्चित करावी.

डेस्कटॉपच्या बहुतेक नव्या मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या जागी शेकडो बारीक पिना असतात आणि त्यांवर काळे प्लॅस्टिकचे झाकण असते. प्रोसेसर बसवला की ते झाकण निघते, आणि बरेच जण ते कचऱ्यात टाकतात. एसूसच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते की, हे झाकण असल्याशिवाय मदरबोर्ड वॉरंटीत परत घेतला जाणार नाही. हे अडवणुकीसाठी लावलेले कलम नाही; झाकणाविना पाठवलेल्या बोर्डाच्या पिना वाटेत वाकतात, आणि वाकलेली पिन हे भौतिक नुकसान धरले जाते. झाकण मदरबोर्डाच्या खोक्यात चिकटपट्टीने लावून ठेवावे, आणि बोर्ड दुकानात देण्यापूर्वी पिनांचे जवळून, चांगल्या उजेडात छायाचित्र काढावे.

प्रोसेसरची गोष्ट वेगळी आहे. इंटेल आणि एएमडी यांच्या खोकाबंद डेस्कटॉप प्रोसेसरांना साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि इंटेलने १३ व्या व १४ व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांत आढळलेल्या अस्थिरतेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये त्या प्रोसेसरांची वॉरंटी आणखी दोन वर्षांनी वाढवली. खोक्याविना, सुटा विकला जाणारा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी उत्पादक थेट ग्राहकाला देत नाही. ती विक्रेत्याच्या शब्दावर असते. ओव्हरक्लॉकिंगमुळे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवल्यामुळे, झालेले नुकसान दोन्ही कंपन्या वॉरंटीबाहेर ठेवतात. फारसे लक्षात न येणारी गोष्ट अशी की, मेमरी तिच्या खोक्यावर छापलेल्या वेगाने चालवण्यासाठी बायोसमध्ये जे एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करतात, तेही दोन्ही कंपन्यांच्या अटींत ओव्हरक्लॉकिंगमध्येच मोडते. ती मेमरी त्याच वेगाच्या जाहिरातीवर विकली जाते आणि ग्राहक त्याच वेगाचे पैसे देतो, त्यामुळे ही अट मला अन्यायाची वाटते. पण ती लिहिलेली आहे, आणि वर्षानुवर्षे टिकवायच्या कामाच्या यंत्रात थोडा वेग सोडून द्यायला हरकत नाही.

ग्राफिक्स कार्डाचा कूलर उघडून थर्मल पेस्ट बदलण्याचे काम वॉरंटीच्या मुदतीत करू नये. कार्ड तापत असेल तर तीच तक्रार नोंदवावी. जास्त तापणे हा वॉरंटीतला दोष असू शकतो, आणि तो स्वतः दुरुस्त करायला गेल्यास आपण तो हक्क घालवून बसतो. लॅपटॉपच्या कूलरलाही हेच लागू होते. पंख्यातली धूळ बाहेरून हवेने साफ करणे वेगळे आणि हीटसिंक उचलणे वेगळे.

बॅटरी आणि चार्जर यांच्या बाबतीत पैशांपेक्षा सुरक्षिततेचा विचार आधी करावा. भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत दोन्ही येतात, म्हणून बॅटरीवर आयएस १६०४६ आणि चार्जरवर आयएस १३२५२ हा मानक क्रमांक व त्यासोबतचा नोंदणी क्रमांक पाहूनच ते घ्यावेत. फुगलेली बॅटरी स्वतः काढू नये. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ नुसार, इजा झाली त्या वेळी वस्तूत बदल केलेला किंवा तिचा गैरवापर झालेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा (सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईचा) दावा करता येत नाही. म्हणजे बाहेरून बसवलेल्या निकृष्ट बॅटरीमुळे आग लागली, तर भाजलेल्या माणसाची भरपाईची एक वाट बंद होते.

बिघाड झाल्यावर

सुधारणा केलेले यंत्र बिघडले की, प्रथम नवा भाग काढून मूळ भाग बसवावा आणि बिघाड राहतो का ते पाहावे. बिघाड गेला, तर दोष नव्या भागात किंवा त्याच्या जुळणीत आहे, आणि वॉरंटी त्या भागाच्या विक्रेत्याकडे मागायची आहे. लॅपटॉप कंपनीकडे जाऊन उपयोग नाही. बिघाड तसाच राहिला, तर यंत्र मूळ स्थितीत सेवा केंद्रात द्यावे. यात लपवाछपवी नाही. बाहेरचे भाग काढून यंत्र द्यावे असे बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात, कारण संपूर्ण यंत्र बदलून दिले गेल्यास आत राहिलेली आपली एसएसडी परत मिळण्याची हमी नसते. कोणी विचारल्यास मध्ये रॅम वाढवली होती हे सरळ सांगावे, आणि आपल्याच हातून एखादी केबल तुटली असेल तर तेही सांगून दुरुस्तीचा खर्च विचारावा.

जॉब शीटवर (सेवा केंद्राच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर) सही करण्यापूर्वी ती वाचावी. 'चालू होत नाही' असे मोघम न लिहिता नेमकी तक्रार लिहून घ्यावी, आणि यंत्राच्या बाह्य स्थितीच्या रकान्यात न झालेल्या नुकसानीची नोंद असेल तर ती तिथल्या तिथे खोडायला लावावी. वॉरंटी नाकारली गेल्यास कारण लेखी मागावे: कोणता भाग खराब आहे, तो कशामुळे खराब झाला असे तंत्रज्ञाचे म्हणणे आहे, आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार दिला आहे. 'यंत्र उघडलेले आहे' एवढेच उत्तर असेल, तर उघडण्याचा आणि या बिघाडाचा संबंध काय, हा प्रश्न विचारावा. नुसता हा प्रश्न लेखी विचारल्यावर अनेक प्रकरणे वरच्या अधिकाऱ्याकडे जातात.

तरीही नकार मिळाल्यास

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून, उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन निवाडा देत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते, आणि तिच्यासाठी पैसे लागत नाहीत.

त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे मुख्यालय बेंगळुरूला असले तरी सोलापूरच्या ग्राहकाला सोलापुरातच दाद मागता येते. मोबदल्याची, म्हणजे वस्तूसाठी मोजलेली, रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, त्यामुळे घरगुती संगणकाची तक्रार विनाशुल्क दाखल होते. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, आणि ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे. यंत्र धंद्यासाठी घेतले असेल तर 'ग्राहक' म्हणून दावा अडचणीत येतो. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरणाऱ्या व्यक्तीला, जसे घरून काम करणारी भाषांतरकार किंवा छायाचित्रकार, या कायद्याचे संरक्षण मिळते.

तक्रार मांडताना वॉरंटीची अटच अन्याय्य आहे असा मुख्य मुद्दा करू नये, कारण अन्याय्य कराराविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगापासून सुरू होतो. जिल्हा आयोगात सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी हे मुद्दे घ्यावेत: यंत्रात अमुक दोष होता, त्याचा केलेल्या सुधारणेशी संबंध नव्हता, आणि तरीही कंपनीने सेवा नाकारली. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. ही मागणी अर्जातच करावी. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात, बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, त्या दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारावी, असे म्हटले होते. तो आदेश संगणकांबद्दल नव्हता आणि त्यावर पुढे अपिलेही झाली, त्यामुळे तो बंधनकारक दाखला म्हणून पुढे करू नये. पण युक्तिवादाची दिशा म्हणून त्याचा उल्लेख जरूर करावा.

अर्जासोबत यंत्राचे बिल, नव्या भागाचे बिल, वॉरंटीच्या अटी, पुस्तिकेतले संबंधित पान, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, जॉब शीट आणि उघडण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे तारखेच्या क्रमाने जोडावीत. सेवा केंद्राकडून यंत्र परत घेतले असेल, तर निकाल लागेपर्यंत ते पुन्हा उघडू नये आणि बाहेरून दुरुस्तही करून घेऊ नये, कारण प्रयोगशाळेला ते जसेच्या तसे मिळाले पाहिजे.